व्हाल द्युशेस येथील बैठक

१४. व्हाल द्युशेस : ब्रसेल्समधील जुना वाडा, मूळचा मठ. युरोपीय आयोगाचे अध्यक्ष झाक देलोर यांनी ३१ जानेवारी १९८५ रोजी मालकांच्या आणि कामगारांच्या युरोपव्यापी संघटनांना येथे एका टेबलाशी बसवले. लेखकाने उल्लेखिलेल्या सामाजिक संवादाचा आरंभ तो हाच. पुढे मास्ट्रिख्ट कराराबरोबर (१९९२) अशी सोय झाली की, या दोन पक्षांनी आपसात समझोता करून तशी संयुक्त मागणी केली, तर सदस्य देशांच्या मंत्रिपरिषदेने त्याला कायद्याचे बळ द्यावे. तिचे पहिले फळ म्हणजे बालसंगोपन रजा. १४ डिसेंबर १९९५ रोजी समझोत्यावर सह्या झाल्या, ३ जून १९९६ रोजी निर्देश निघाला आणि नोकरदार आई व बाप या दोघांनाही प्रत्येकी किमान ३ महिन्यांच्या रजेचा स्वतंत्र हक्क मिळाला. रजेच्या काळात पगार द्यायचा की नाही, हे मात्र त्या त्या देशावर सोडले होते. मजुरीचे दर, संप आणि टाळेबंदी हे विषयही या सोयीच्या कक्षेबाहेर राहिले. ही मर्यादा ध्यानात घेऊनही या पद्धतीचे मोल मोठे आहे : ज्यांना नियम पाळायचा, त्यांच्याच प्रतिनिधींनी देशांच्या सीमा ओलांडून तो ठरवला. – संपा.