बाळाला दूध पुरते का? पहिल्या सहा आठवड्यांचा हिशेब

बाळंतीण घरी आली, की पहिल्याच रात्री घरात प्रश्न निघतो : बाळाला अंगावरचे दूध पुरते ना? गिरगावच्या चाळीत किंवा लालबाग-परळच्या एका खोलीच्या बिऱ्हाडात बाळ रात्री दोन वाजता रडले, तर सासू-सासरे, दीर आणि भिंतीपलीकडचे शेजारीही जागे होतात. सकाळी प्रत्येकाला कामावर जायचे असते. अशा वेळी ‘वरचे दूध पाजून बघ’ हा सल्ला बाळाच्या भुकेपेक्षा घरच्यांच्या झोपेपोटीच अधिक दिला जातो.

नवजात अर्भक चोवीस तासांत साधारण १४ ते १७ तास झोपते. मात्र ही झोप सलग नसते. त्याचे जठर इवलेसे असते आणि आईचे दूध लवकर पचते. त्यामुळे दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजावे लागणे स्वाभाविक आहे. रात्र आणि दिवस यांतला भेद बाळाला कळू लागण्यास दोन-तीन महिने जातात. संध्याकाळी तासातासाला दूध मागणे, सहाव्या आठवड्याच्या सुमारास रडणे वाढणे, ही दूध आटल्याची लक्षणे नव्हेत. दूध निर्माण करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री अधिक स्रवते. रात्रीचे पाजणे चुकवून बाटली दिली, की मागणी घटते, मागणीपाठोपाठ दूधही घटते आणि घरच्यांची शंका खरी ठरते!

दूध पुरते की नाही, हे रडण्यावरून नव्हे, तर लंगोटांवरून ओळखावे. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बाळ दिवसातून किमान सहा वेळा लघवी करत असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर काळजी नको. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते. दोन आठवड्यांत ते बहुधा भरून येते. पाजताना सतत दुखत असेल, तर बाळाच्या तोंडात केवळ स्तनाग्र जात असण्याचा संभव असतो. त्याभोवतीचा काळा भागही जायला हवा.

बाळंतिणीच्या खोलीतील काही रीती मात्र आता सोडाव्यात. सुरुवातीचे घट्ट, पिवळसर चिकाचे दूध पिळून टाकू नये. रोगप्रतिकाराची पहिली शिदोरी तीच असते. मध चाटवणे, घुटी, वरचे पाणी यांची सहा महिन्यांपर्यंत गरज नाही, आणि मध तर वर्षभर वर्ज्यच. बंद खोलीतील धुरीने बाळाच्या श्वसनाला त्रास होतो. मोहरीची उशीही नको. बाळाला सपाट, घट्ट अंथरुणावर, आईच्या जवळ पण स्वतंत्र जागी, उताणे निजवावे. अळिवाचे लाडू आणि खसखशीची खीर यांना कोणाचाच आक्षेप नाही.

जागा वाढवता येत नसली, तरी काम वाटून घेता येते. पाजणे आईनेच करायचे. पण ढेकर काढणे, लंगोट बदलणे आणि बाळाला खांद्यावर घेऊन चाळीच्या गॅलरीत फेऱ्या मारणे वडिलांना किंवा आजीला जमते. दुपारी बाळ निजले, की आईनेही निजावे. बाळ पाहायला येणाऱ्यांना बारशापर्यंत थांबवले तरी चालते. बाळंतिणीचे उगाच रडू येणे दोन आठवड्यांनंतरही थांबले नाही, तर त्याला ‘नाटक’ न म्हणता डॉक्टरांना दाखवावे.

काही वेळा दूध खरोखरच कमी पडते. मुदतीपूर्वी जन्मलेल्या, अशक्त बाळांसाठी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू झाली. आशियातील ती पहिली मानली जाते. दात्या मातांचे दूध तेथे निर्जंतुक करून अशा बाळांना दिले जाते.

बाळ दूध ओढेनासे झाले, जागे करूनही सुस्त राहिले, १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, अंग गार पडले, श्वास मिनिटाला साठ वा त्याहून अधिक वेगाने चालू लागला, तळहात-तळपाय पिवळे दिसू लागले किंवा झटके आले, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. दादर, लालबागकरांना परळचे वाडिया बाल रुग्णालय आणि केईएम रुग्णालय जवळ पडते.