कोळी पलटणीची भरती

श्रोते हो, पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आपल्या जिल्ह्यात पहाटेचे रस्ते जागे होतात. कुणाच्या पायांत बूट, कुणी तसाच अनवाणी, पण पोरे धावत असतात. अलीकडे मुलीही धावतात. घरातले एक माणूस सरकारी पगारावर लागले तर दुष्काळाच्या वर्षी चूल बंद पडत नाही, एवढा साधा हिशेब त्यामागे असतो. हा हिशेब जुना आहे. २०२४ पासून ज्याला आपण अहिल्यानगर म्हणतो, त्या नगर जिल्ह्यात झालेली अशीच एक जुनी भरती आज तुम्हाला सांगायची आहे. ती झाली १८५७ सालच्या अखेरीस, आणि भरती झालेली माणसे होती अकोल्याच्या डोंगरातली महादेव कोळी.

पण त्याआधी थोडे मागे जाऊ. मराठेशाहीत सह्याद्रीचे किल्ले आणि घाटवाटा राखण्याचे काम कोळ्यांच्या नाईकांकडे असे. १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल आला. किल्ल्यांवरची शिबंदी मोडली, आणि पिढ्यान् पिढ्या राखण करणारी माणसे एकाएकी रिकामी झाली. वर सावकाराचे कर्ज. मग बंडे झाली नसती तरच नवल! त्यांतले मोठे बंड देवगावच्या राघोजी भांगऱ्याचे. १८४४ पासून तीन-चार वर्षे त्याने नगर, पुणे, नाशिक आणि ठाण्याकडचा मुलूख हलवून सोडला. शेवटी तो पंढरपुरात सापडला, आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. आज त्याचे नाव आपण आदराने घेतो. त्या वेळच्या पोलीस दप्तरात मात्र तो दरोडेखोर होता.

आता दुसरा माणूस पाहा. भागोजी नाईक, जातीने भिल्ल, नांदूर शिंगोट्याचा. हे गाव आज नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यात आहे; पण त्या वेळी नाशिक जिल्हा वेगळा झालेला नव्हता, तो १८६९ साली झाला. तेव्हा सिन्नरचा मुलूख नगरच्याच पोलिसांकडे होता. आणि गंमत म्हणजे हा भागोजी स्वतः नगर पोलिसांत अधिकारी होता! १८५५ मध्ये दंगा करणे आणि पोलिसांना अडथळा करणे या आरोपावरून त्याला शिक्षा झाली. सुटून आल्यावर वर्षभर चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला गेला. ज्या खात्यात मानाने वावरला, त्याच खात्याच्या नजरेखाली राहायचे! भागोजीने पन्नासेक भिल्ल जमवले आणि पुणे-नाशिक रस्त्यावरच्या डोंगरात ठाण मांडले. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी नगरचा पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री त्याच्यावर चालून गेला आणि नांदूर शिंगोट्याजवळच्या चकमकीत मारला गेला. पंधरवड्यात, १८ तारखेला, अकोले तालुक्यातल्या शमशेरपूरच्या डोंगरात दुसरी लढाई झाली. तीत दोन इंग्रज अधिकारी जखमी झाले.

सरकार पेचात पडले. उत्तरेत मोठा उठाव चालू, लष्कराची गरज तिकडे, आणि इकडे गावोगावच्या नाक्यांवर पलटणीची माणसे अडकून पडलेली. ती मोकळी करायची तर त्यांच्या जागी डोंगर जाणणारी माणसे हवीत. कॅप्टन नटॉल नावाच्या अधिकाऱ्याकडे हे काम आले, आणि त्याने कोळ्यांची पलटण उभी करायला घेतली. भिल्लांवर कोळी घालायचे, ही परक्या राज्यकर्त्याची युक्ती उघडच आहे. तिच्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही.

तरी भरती कशी केली ते बघण्यासारखे आहे. उंची मोजली नाही, लेखी परीक्षेचा तर प्रश्नच नव्हता. नटॉलने आधी नाईक पकडले, म्हणजे मानाची घराणी. बांबळे घराण्यातल्या जावजी नाईकाला पलटणीत प्रमुख केले. (पेशवाईतला नामांकित जावजी तो हा नव्हे.) आणि एका महत्त्वाच्या जागेवर नेमले कुणाला, तर फाशी गेलेल्या राघोजी भांगऱ्याच्या भावाला! विचार करा. नऊ वर्षांपूर्वी ज्या घरातला माणूस सरकारने फासावर चढवला, त्याच घरात सरकार नोकरी घेऊन गेले. आजच्या उमेदवाराच्या चारित्र्य पडताळणीत असे घर कितपत टिकले असते, कुणास ठाऊक. नटॉलला एवढेच कळत होते की नाईक आला की मागून गाव येते.

सुरुवातीला ११० माणसे आली. सरकारकडून हत्यारे मिळेपर्यंत थांबायला वेळ नव्हता, तेव्हा आलेल्यांनी आपापल्या घरच्या तलवारी आणल्या. त्यांनाच कवायत शिकवायला प्रारंभ झाला. डोंगरात वाढलेल्या गड्याला चढण शिकवावी लागत नाही. शिकवायची असते ती रांग, हुकूम आणि थांबणे. ही माणसे ते फार लवकर शिकली. ज्यांना पूर्वी फक्त दंगेखोर म्हणून ओळखले होते, ते शिस्तीत आल्यावर किती भरवशाचे निघाले, याचे कौतुक सरकारी गॅझेटिअरनेही केले आहे. पुढे पलटणीची संख्या ६०० वर गेली, आणि जमादार, सुभेदार कोळ्यांतलेच होते.

भागोजीचा पाठलाग दोन वर्षे चालला. हेन्रीच्या जागी फ्रँक सौटर हा नगरचा पोलीस सुपरिंटेंडेंट झाला होता. त्याने ११ नोव्हेंबर १८५९ रोजी सिन्नर भागातल्या मिठसागरे येथे भागोजीला गाठले. त्या लढाईत भागोजी पडला. सौटर पुढे मुंबईचा पोलीस कमिशनर झाला आणि जवळजवळ पाव शतक त्या खुर्चीवर राहिला.

आणि कोळी पलटणीचे काय झाले? मार्च १८६१ मध्ये ती मोडली. थोडे लोक पोलिसांत घेतले, बाकीचे परत नांगराकडे आणि मोलमजुरीकडे गेले. तीन वर्षे पगार खाल्लेला, कवायत शिकलेला माणूस पुन्हा सावकाराच्या ओट्यावर! खर्च वाचवला असे म्हणावे तर तो हिशेब मला पटत नाही. कारण बाराच वर्षांनी, १८७३ पासून, होन्या केंगल्या या महादेव कोळ्याने पुणे, नगर आणि ठाण्याच्या डोंगरपट्ट्यात सावकारांविरुद्ध धुमाकूळ मांडला, आणि त्याला धरायला १८७६ साल उजाडले. पलटण राहिली असती तर होन्या उठलाच नसता, असे कोण म्हणेल? कर्जाचा जाच तर होताच. पण ज्यांनी कोळी शिपाई घडवला, त्यांनीच तो गरज संपताच टाकून दिला, हे मात्र खरे.

शिपाई कोणाला होऊ द्यायचे, हा प्रश्न पुढेही सुटला नाही. गावची वेस राखणारा, चोराचा माग काढणारा, सरकारी टपाल पोचवणारा महार. पण पोलिसाच्या पट्ट्यासाठी तो चालेना. १९१० मध्ये पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी दख्खनच्या महारांतर्फे थेट विलायतेतल्या भारतमंत्र्याकडे अर्ज केला. त्यातल्या मागण्यांत सैन्याची आणि पोलिसाची नोकरी होती. गुरुजी, वर्गात हा अर्ज जरूर सांगा. आज ज्या रांगेत कुणीही उभा राहतो, त्या रांगेत उभे राहता यावे म्हणून आधी केवढा अर्ज करावा लागला, हे मुलांना कळेल.

आजची रांग कशी आहे, तेही थोडक्यात सांगतो. शिपायासाठी बारावी उत्तीर्ण लागते. उंची पुरुषांना १६५ सेंटिमीटर, स्त्रियांना १५५. आधी मैदान, ५० गुणांचे: पुरुषांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावणे व गोळाफेक, स्त्रियांना १६०० ऐवजी ८०० मीटर. त्यातून निवडलेल्यांची मग १०० गुणांची लेखी परीक्षा, आणि ती मराठीत. अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता आणि मराठी व्याकरण, हे तिचे विषय. नाईकाच्या ओळखीची गरज उरली नाही, ही मोठीच गोष्ट झाली. पण जागा थोड्या आणि उमेदवार उदंड. एकेक पोर तीन-तीन, चार-चार भरत्या देते, आणि वय निघून गेले की गुपचूप शेतावर परतते. त्याला कुणी विचारत नाही.

यात मला एकच सुचवायचे आहे. राजूर-अकोल्याकडच्या पोराला धावायला शिकवावे लागत नाही, ते नटॉललाही कळले होते. हे पोर अडते ते अपूर्णांकात, शेकडेवारीत आणि समासात. त्याची शिकवणी घ्यायला शहरात खोली करून राहावे लागते, आणि बापाची म्हैस विकली जाते. गुरुजी, आठवड्यातून दोन संध्याकाळी शाळेची एक खोली उघडी ठेवली आणि फळ्यावर गणिते घातली, तर ती म्हैस गोठ्यातच राहील.