देंदेराचे राशिचक्र आणि दुआतमधील सूर्य

इजिप्तमधील देंदेरा येथील हाथोर देवीच्या मंदिराच्या छतावर ओसायरिसची एक पूजाकोठी आहे. तिच्या तक्तपोशीवरील वर्तुळाकार राशिचक्र इ. स. १८२१ मध्ये कापून काढून पॅरिसला नेण्यात आले. आज ते लूव्र संग्रहालयात आहे. राशी बारा, आणि इजिप्शियन पुराणकथेत सूर्य अधोलोकातून ज्या तासांत प्रवास करतो तेही बारा. साहजिकच एकात दुसऱ्याचे मूळ शोधण्याचा मोह होतो. शार्ल द्युपुई ह्या फ्रेंच पंडिताने अठराव्या शतकाच्या अखेरीस राशिचक्राचा उगम इजिप्तमध्येच, सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वी झाला असे ठरविले आणि बहुतेक पुराणकथा सूर्याच्या राशिभ्रमणावर बसविल्या. हे मत का टिकत नाही, ते पाहणे उद्बोधक आहे.

सूर्याच्या ह्या प्रवासाचे वर्णन ‘आमदुआत’ ह्या ग्रंथात आहे. ‘दुआतमध्ये जे आहे ते’ असा त्या नावाचा अर्थ असून दुआत म्हणजे अधोलोक होय. इ. स. पू. पंधराव्या शतकातील तिसऱ्या थुतमोसच्या थडग्याच्या भिंतींवर हा ग्रंथ संपूर्ण लिहिलेला आढळतो. मेंढ्याचे मस्तक असलेला सूर्यदेव नौकेतून दुआतमध्ये शिरतो. सहाव्या तासाला त्याचा स्वतःच्या शवाशी संयोग होतो; सातव्या तासाला आपोफिस सर्प वाट अडवितो; बाराव्या तासाला एका महासर्पाच्या शेपटीकडून शिरून तो मुखावाटे तरुण होऊन बाहेर पडतो. येथील मेंढा मेषराशीचा मात्र नव्हे. ‘बा’ ह्या इजिप्शियन उच्चाराचे मेंढा आणि आत्मा असे दोन्ही अर्थ होते, त्या श्लेषातून हे रूप आले आहे.

दोन्ही ‘बारां’ची कुळेही निराळी आहेत. इजिप्शियनांनी ३६ तारका वा तारकापुंज निवडले होते. दर दहा दिवसांनी त्यांपैकी एकाचा पहाटे नव्याने उदय होई, आणि रात्री ओळीने होणाऱ्या त्यांच्या उदयांवरून काळ मोजीत. रात्रीचे बारा भाग ह्या गणनेतून पडले. तिची कोष्टके इ. स. पू. २१०० च्या सुमाराच्या शवपेट्यांच्या झाकणांवर सापडतात. उलट, बारा समान राशींची योजना बाबिलोनमध्ये इ. स. पू. पाचव्या शतकात झाली व टॉलेमी राजांच्या काळात इजिप्तमध्ये आली. शिवाय दुआतमधील प्रवास एका रात्रीचा, तर राशींतील एका वर्षाचा.

देंदेराच्या चक्राचे कल्पित प्राचीनत्वही टिकले नाही. १८२२ मध्ये शांपोल्योंने त्याच्या छापील चित्रात ‘ऑटोक्रेटर’ ही रोमन सम्राटांची ग्रीक पदवी वाचली. पुढे स्वतः देंदेरास गेल्यावर तेथील नाममुद्रा कोऱ्याच असल्याचे त्यास आढळले. पुरावा गेला, तरी चक्र उत्तरकालीन असल्याचा त्याचा निष्कर्ष खरा ठरला. ग्रहस्थानांवरून आता ते इ. स. पू. ५० च्या सुमाराचे मानतात.

तरीही ह्या चक्राचा दुआतशी संबंध आहे. तो त्याच्या कडेने कोरलेल्या ३६ तारकादेवतांमध्ये शोधावयास हवा. अशी तारका वर्षातून सुमारे ७० दिवस दिसेनाशी होई, तेव्हा ती दुआतमध्ये गेली असे मानीत. प्रेतसंस्काराची मुदतही ७० दिवसांचीच होती. ‘दुआत’ हा शब्दही वर्तुळातील ताऱ्याच्या चिन्हाने लिहीत.

ग्रीकांनी ह्या तारकांना ‘देकानोस’ म्हटले व प्रत्येक राशीस तीन याप्रमाणे त्यांची वाटणी केली गेली. तोच शब्द वराहमिहिराच्या बृहज्जातकात ‘द्रेष्काण’ ह्या रूपाने येतो आणि मराठी ज्योतिषग्रंथांत आजही रूढ आहे. राशीचा तिसरा भाग एवढाच अर्थ त्यात उरला आहे. मरून पुन्हा उगवणाऱ्या तारकेची कल्पना वाटेतच लोपली.