आकृतिबंध (गणितशिक्षण)

आकृतिबंध : आकार, वस्तू, ध्वनी, हालचाली किंवा संख्या यांची नियमाने बांधलेली मांडणी. ती ओळखणे, पुढे नेणे आणि तिचा नियम सांगणे हा प्राथमिक गणिताचा भाग आहे. ‘बालभारती’च्या पुस्तकांत हीच संज्ञा रूढ आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नंतर आलेल्या एनसीईआरटीच्या ‘मॅथ-मॅजिक’ मालिकेत आकृतिबंधांना स्वतंत्र पाठ मिळाले. २०२१ च्या निपुण भारत अभियानाने त्यांना पायाभूत संख्याज्ञानात घेतले, आणि २०२४ च्या सहावीच्या ‘गणित प्रकाश’चा पहिलाच पाठ आकृतिबंधांचा आहे. पुस्तकात जागा वाढली, तरी वर्गात बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : पुढे काय येईल? त्याचे बरोबर उत्तर देणाऱ्या मुलाला नियम उमगलेला असतोच असे नाही.

सुरुवात पुनरावर्ती आकृतिबंधांपासून होते : चिंचोका, खडा, चिंचोका, खडा, किंवा टाळी, चुटकी, टाळी, चुटकी. शिक्षकांना हा प्रकार सोपा म्हणून आवडतो, आणि नेमका म्हणूनच तो फसवा आहे. ‘आत्ता ठेवले ते पुन्हा ठेवायचे नाही’ एवढे पाळले तरी मूल शेवटपर्यंत चुकत नाही. चिंचोका, खडा, खडा अशी मांडणी दिली की फरक दिसतो. पुष्कळ मुले दोनतीन फेऱ्यांनंतर पुन्हा एकाआड एक ठेवू लागतात. इथे परत परत येणारा तुकडा कोणता आणि तो कुठे संपतो, हे पाहावे लागते. म्हणून मांडणी पुढे नेण्याबरोबर आणखी दोन कामे द्यावीत : त्या तुकड्याभोवती दोरा ठेवायला सांगणे, आणि तीच मांडणी दुसऱ्या वस्तूंनी किंवा टाळ्या-चुटक्यांनी करायला सांगणे. चिंचोक्यांचे टाळ्यांत रूपांतर करू शकणाऱ्या मुलाने वस्तू बाजूला सारून नियम उचललेला असतो. शाळेत जाण्यापूर्वीची ही समज आणि पुढे वयाच्या अकराव्या वर्षापर्यंतचे गणित यांचा संबंध अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या बेथनी रिटल-जॉन्सन व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवला. त्यातली मुले कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतली होती.

वाढत्या आकृतिबंधांत प्रत्येक पायरीला भर पडते. काडेपेटीच्या काड्यांचे एकाला एक चिकटलेले चौरस हे त्याचे नेहमीचे उदाहरण : एका चौरसाला ४ काड्या, दोनांना ७, तिनांना १०. ‘दर वेळी ३ वाढतात’ हे मुले चटकन सांगतात. वीस चौरसांना किती, असे विचारले की काही मुले ३-३ मिळवत बसतात, आणि बरीच मुले वीस चोक ऐंशी म्हणतात. काड्या हातात असतील तर ही चूक बोलून दुरुस्त करावी लागत नाही. सुरुवातीची एक काडी उभी आणि मग प्रत्येक चौरसासाठी तीन, असे मांडताच ६१ हे उत्तर दिसते. बीजगणितातला ३न + १ हा त्याचाच लेखी अवतार. मराठीच्या तासाला भेटणारे लघु-गुरूही इथे उपयोगी पडतात. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. तर चार मात्रा किती प्रकारे भरता येतील? एक मात्रेपासून मोजत गेल्यास १, २, ३, ५, ८ अशा संख्या मिळतात. शेवटचे अक्षर लघू असेल तर एक मात्रा कमी करून उरलेले प्रकार, गुरू असेल तर दोन कमी करून. म्हणून प्रत्येक संख्या मागच्या दोहोंची बेरीज. छंदःशास्त्रकार विरहांक आणि पुढे बाराव्या शतकात हेमचंद्र यांनी हे मांडले होते. या संख्या आज ज्याच्या नावाने ओळखल्या जातात, त्या फिबोनाचीचा ग्रंथ त्यानंतरचा, १२०२ चा.

पाढे हे मराठी घरातले सर्वांत हाताशी असलेले साहित्य. पाठांतराच्या घाईत ते तसेच पडून राहते. नवाच्या पाढ्यात अंकांची बेरीज नऊ येते, हे बहुतेकांना ठाऊक असते. का येते, हे विचारावे : ९ मिळवणे म्हणजे १० मिळवून १ काढणे, तेव्हा दशक एकाने चढतो आणि एकक एकाने उतरतो. पाढा दाहेवर थांबतो, त्यामुळे पुढची पायरी मुलांच्या नजरेस येत नाही. नऊ अकरा नव्व्याण्णव; बेरीज अठरा. तेच कारण वापरून २९ चा पाढा ३० च्या पाढ्यातून काढता येतो : एकोणतीस चोक म्हणजे १२० वजा ४, ११६.

शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीमुळे संख्यामालिका घरोघरी पोचल्या, मात्र सोबत एक गैरसमजही पोचला : मालिकेला पुढचे पद एकच असते. १, २, ४ नंतर दुप्पट करणारा ८ म्हणेल, फरक १, २, ३ असा वाढवणारा ७ म्हणेल. दोघेही बरोबर आहेत, आणि वर्गात दोघांनाही नियम बोलून दाखवू द्यावा. याहून चांगला धडा वर्तुळाचा. बांगडी ठेवून वर्तुळ काढावे, परिघावर बिंदू घेऊन प्रत्येक जोडी रेषेने जोडावी आणि आतले तुकडे मोजावेत. एका बिंदूपासून पाच बिंदूंपर्यंत १, २, ४, ८, १६. सहा बिंदूंना ३२ हवेत असे वाटते. जास्तीत जास्त ३१ निघतात. बिंदू समान अंतरावर घेतले तर मधल्या तीन रेषा एकाच ठिकाणी छेदतात आणि ३० च उरतात. मुले आधी स्वतःच्या मोजणीवर संशय घेतात, आणि त्यांना तो घेऊ द्यावा.

डहाणूत जन्मलेले आणि देवळालीत शिक्षक असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे ६१७४ या स्थिरांकामुळे जगभर ओळखले जातात, पण शाळेसाठी त्यांच्या डेम्लो संख्या, म्हणजे नुसत्या एकांनी बनलेल्या संख्यांचे वर्ग, अधिक कामाच्या. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. नऊ एकांपर्यंत हा डोंगर सरळ चढतो : १२३४५६७८९८७६५४३२१. दहा एकांचा वर्ग मात्र १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो. गुणाकार उभा मांडला तर प्रत्येक ओळीत नुसते एक असतात आणि ओळ एकेक घर डावीकडे सरकते. मधल्या स्तंभात दहा एक जमले की तिथे शून्य लिहून हातचा पुढे द्यावा लागतो. तो पुढच्या स्तंभातल्या नवाचेही दहा करतो, आणि त्याच्या पुढचा आठ नऊ होतो.