सूप, जाते आणि वरण

‘सूप’ हा शब्द उच्चारला की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर धान्य पाखडण्याचे बांबूचे सूप उभे राहते. हा शब्द संस्कृत ‘शूर्प’ या शब्दावरून आला. संस्कृतातच ‘सूप’ असा दुसरा एक शब्द आहे. त्याचा अर्थ शिजवलेल्या डाळीचे पातळ कालवण, आणि म्हणून स्वयंपाक्याला ‘सूपकार’ म्हणत. इंग्रजीतून आपल्याकडे आलेले ‘सूप’ तिसरेच. त्याचे कूळ युरोपातले, रश्श्यात भिजवलेल्या पावाशी नाते सांगणारे. हे तिन्ही शब्द वेगवेगळे आहेत. तरीही वऱ्हाडातील तुरीचा दाणा पहिल्या सुपातून निघून दुसऱ्या सुपात जाऊन पडतो, आणि त्या वाटेवर एक मोठा इतिहास पसरलेला आहे. त्याचा मागोवा आम्ही येथे घेणार आहोत.

अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर वसले आहे. परंपरा याच गावाला विदर्भाची प्राचीन राजधानी कुंडिनपूर मानते. रुक्मिणीचे हे माहेर, आणि दमयंतीचेही. महाभारतातील नलोपाख्यानात पाककलेची एक मनोज्ञ हकीकत आहे. राज्य गमावलेला नल विद्रूप होऊन बाहुक या नावाने सारथ्य करीत कुंडिनपुरास येतो. दमयंती केशिनी या दासीकरवी त्याने रांधलेले मांस मागवते, त्याची चव घेते आणि आपला पती ओळखते. रूप पालटले तरी हाताची चव पालटली नाही, हे सांगणारी ही कथा कौंडण्यपूरची आहे, हे आम्हांस विशेष वाटते.

कथेतून इतिहासाकडे वळले की राजवाडे मागे राहतात आणि मातीची भांडी हाती येतात. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी 1962 ते 1964 या काळात कौंडण्यपूरच्या टेकाडावर उत्खनन केले. त्याचा अहवाल 1968 साली प्रसिद्ध झाला. काळ्या-तांबड्या मृद्भांड्यांच्या महापाषाणयुगीन वस्तीपासून सातवाहनकाळापर्यंत माणसे येथे राहत होती, असे त्यातून दिसून आले. त्याच जिल्ह्यातील तुळजापूर गढी येथे 1984-85 साली उत्खनन झाले, आणि तेथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या अवशेषांत तुरीचे जळके दाणे ओळखले गेले. आजपासून सुमारे तीन हजार वर्षांमागची ही तूर होय. तुरीची रानटी बहीण बस्तर आणि ओडिशाच्या जंगलांत आजही आढळते. म्हणजे हे कडधान्य या भूमीचेच. याउलट वाटाणा आणि मसूर पश्चिम आशियातून येथे आले. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात तेही मिळाले आहेत.

त्या काळचे वरण कसे असेल? त्यात मिरची नव्हती, टोमॅटोही नव्हता. हे दोन्ही अमेरिकेतून निघाले आणि सोळाव्या शतकानंतर पोर्तुगीजांच्या व्यापारातून आपल्याकडे पसरले. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मात्र द्विदल धान्यांच्या पाककृती आहेत, आणि हिंग तेव्हाही स्वयंपाकघरात होता.

डाळींचे हे नाते केवळ आपल्यापुरते नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात एसावाने तांबड्या मसुरीच्या कालवणासाठी आपला ज्येष्ठत्वाचा हक्क विकला. स्वीडनमध्ये भरडलेल्या वाटाण्याचे दाट सूप आजही गुरुवारी करतात. शुक्रवारच्या उपवासाआधी पोटभर जेवण्याची ती कॅथोलिक काळातील रीत, असे तेथे सांगितले जाते. भुकेल्या माणसाला डाळीने सर्वत्र सारखाच आधार दिला आहे.

परंतु वाटाण्यापेक्षा तूर हट्टी. वाटाण्याचे टरफल सहज सुटते. तुरीचे टरफल डिंकासारख्या थराने दाण्याला चिकटलेले असते. म्हणून वऱ्हाडातील घराघरांत पौष-माघात तूर घरी आली की एक दीर्घ उद्योग सुरू होई. तूर रात्रभर भिजवायची, लाल माती चोळायची, कडक उन्हात वाळवायची, मग जात्यावर भरडायची आणि सुपाने पाखडायची. डाळ डब्यात जाई, चुणी आणि टरफले गुरांपुढे. हे काम बहुतांशी स्त्रियांचे होते. कुंडिनपूरच्या राजकन्यांची नावे ग्रंथांत राहिली. जात्यावर बसलेल्या स्त्रीचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. मात्र तिचे जाते आणि पाटे-वरवंटे उत्खननांतून पुन्हा पुन्हा वर येतात.

1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. पुढे अमेरिकेतील यादवीमुळे (1861-65) कापसाला सोन्याचा भाव आला, रेल्वे आली, आणि काळ्या जमिनीवर कापूस पसरला. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी केवळ नगदी पिकावर विसंबण्याची किंमत दाखवून दिली. तरी शेतकऱ्याने कपाशीच्या ओळींमध्ये तुरीची ओळ सोडली नाही. तिची मुळे खोल जातात, मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीला देतात, आणि ज्वारीच्या भाकरीत जे प्रथिन उणे असते ते डाळ भरून काढते. शास्त्राने हे पुढे सिद्ध केले; पंगतीतल्या रोडगे-वरणाने ते आधीच ओळखले होते.

आता भरडण्याचे काम गिरण्यांकडे गेले आहे. अकोला हे दालमिलचे मोठे केंद्र झाले. तेथील कृषी विद्यापीठाने गावपातळीसाठी छोटी दालमिलही तयार केली. स्त्रियांचे कष्ट हलके झाले, याचे आम्हांस समाधानच आहे. परंतु जाते घराबाहेर गेले तेव्हा दाण्याचे मोलही घराबाहेर गेले. 2015 साली तूरडाळ शहरांत किलोला 200 रुपयांपर्यंत पोहोचली. पुढच्या हंगामात पीक भरघोस आले, आणि बोनससह क्विंटलला 5,050 रुपये हमीभाव जाहीर असतानाही 2017 साली कित्येकांना तूर त्याखाली विकावी लागली. खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या. जो तूर पिकवतो तोच पुढे दुकानातून डाळ विकत घेतो, ही आजच्या वऱ्हाडाची व्यथा आहे.

म्हणून घरी वरण रांधणे हे आम्हांस लहान काम वाटत नाही. एक वाटी तूरडाळ धुऊन अर्धा तास भिजवावी. तिप्पट पाणी उकळून त्यात डाळ, हळद, हिंग आणि तेलाचे दोन थेंब घालावेत. वर येणारा फेस काढावा आणि मंद आचेवर डाळ बोटाने चुरेल इतकी मऊ होऊ द्यावी. जुनी डाळ किंवा विहिरीचे जड पाणी असेल तर वेळ अधिक लागतो. तेथे घाई करू नये. मग रवीने घोटून मीठ, चिंचेचा कोळ आणि गुळाचा खडा घालावा, आणि जवसाच्या किंवा करडईच्या तेलात जिरे-लसणाची फोडणी द्यावी.

भाकरी कुस्करून हे वरण ओतले की जेवणारा क्षणभर गप्प होतो. दमयंतीने चवीवरून एक माणूस ओळखला. आपणही पहिल्या घासाला, हा दाणा ज्या हातांनी पेरला, भरडला आणि पाखडला, त्यांची ओळख ठेवावी, एवढीच आमची विनंती.