गिरकी मोजायची कुठून?

बॅले पाहायला बसलेला प्रेक्षक पिरुएट मोजतो. एका पायाच्या चवड्यावर उभी राहून नर्तकी गर्रकन फिरू लागली की मनात आपोआप एक, दोन, तीन सुरू होते. ही मोजणी जुनी आहे आणि प्रेक्षकाने ती खुशाल करावी. पण नाचणाऱ्याचे तंत्र कितपत तयार झाले आहे, हे ठरवायला तीच फूटपट्टी घेतली की फसगत होते. पॅरिस, मिलान, सेंट पीटर्सबर्ग आणि लंडन इथल्या गुरूंनी गेल्या तीनशे वर्षांत या एका हालचालीवर जी मेहनत घेतली, तिचा माग काढला तर एक क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. आधी गिरकीचे तुकडे पाडून ते एकेक तपासायला शिक्षक शिकले आणि फेऱ्यांचा आकडा त्यानंतर वाढला. म्हणून शिकणाऱ्याची प्रगती पाहायची असेल, तर नजर फिरण्याच्या मधल्या झगमगाटावर न ठेवता उभे राहण्यावर आणि थांबण्यावर ठेवली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

चौदाव्या लुईने 1661 साली पॅरिसमध्ये नृत्याची अकादमी स्थापन केली, तेव्हा गिरकी हा दरबारी नाचातला एक साधा, सभ्य वळसा होता. फयेने 1700 साली छापलेल्या नृत्यलेखनाच्या पुस्तकात वळण्यासाठी खुणा आहेत त्या पाव, अर्ध्या, पाऊण आणि पूर्ण वर्तुळाच्या. मोजमापाचे एकक तिथे वर्तुळाचा हिस्सा आहे. एका पायावर अनेक फेऱ्या घेण्याची चाल रंगमंचावर रुळली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तिच्या श्रेयावरून तेव्हापासूनच ओढाताण आहे. कोणी ते श्टुटगार्टहून येऊन 1768 मध्ये पॅरिस ऑपेरात उतरलेल्या ॲन हाइनेलला देतात, तर कोणी गार्देल आणि थोरल्या व्हेस्ट्रिसला. व्हेस्ट्रिसचा मुलगा ओग्युस्त याने तर गिरकीचे असे वेड लावले की जुन्या वळणाच्या रसिकांना ती अतिरेकी वाटू लागली. या वादात लोकांनी काय जपून ठेवले, ते पाहण्यासारखे आहे. पहिले कोण आणि जास्त कोणाच्या, एवढेच आपल्यापर्यंत पोचले. हाइनेल टाच कशी उचलत होती, हात कुठे मिटत होती, याचा पत्ता नाही. तंत्राचा आकडा उरला आणि तंत्र हरवले.

हे हरवणे थांबवले ते कार्लो ब्लासिसने. त्याचा ग्रंथ 1820 साली मिलानमध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा तो पंचविशीही ओलांडलेला नव्हता. ब्लासिसने नर्तकांच्या आकृत्यांवर सरळ रेषा आखल्या. डोक्यापासून टेकलेल्या पावलापर्यंत ओळंबा सोडावा तशी उभी रेषा, तिच्या दोन्ही बाजूंना वाटलेले शरीराचे वजन आणि तोल ढळला की ती रेषा कुठे तुटते, हे सारे त्याने शब्दांत आणि चित्रांत मांडले. पिरुएटच्या बाबतीत तयारी कोणत्या स्थितीतून घ्यायची आणि फिरून झाल्यावर कोणत्या स्थितीत थांबायचे, याकडे त्याने लक्ष वेधले. पुढे 1837 पासून मिलानच्या ला स्काला नाट्यगृहाची नृत्यशाळा त्याच्याकडे आली आणि ही नजर एका पिढीकडून दुसरीकडे जाऊ लागली. याच काळातला दुसरा पुरावा मला अधिक जवळचा वाटतो, कारण तो स्वतः नाचणाऱ्याने दिलेला आहे. डेन्मार्कचा ओगस्ट बूर्नोनव्हील विशीत पॅरिसला येऊन ओग्युस्त व्हेस्ट्रिसच्या हाताखाली शिकला. पुढे आत्मचरित्रात त्याने आपले दोष नोंदवले: मनगटे वाकणे, पिरुएट घेताना डोके डुलणे, उडीत काहीसा कडकपणा. फेऱ्या कमी पडत होत्या, असे तो म्हणत नाही. डोके डुलत होते, असे म्हणतो. स्वतःच्या गिरकीकडे असे पाहता येणे हीच प्रशिक्षणाची कमाई आहे. व्हेस्ट्रिसचा तो वर्ग त्याने पुढे 1849 मध्ये ‘कॉन्झर्व्हेटोरिएट’ या बॅलेत रंगमंचावर उभा केला, आणि व्हेस्ट्रिसच्या शिकवण्याचा नमुना म्हणून आजही त्याकडे बोट दाखवले जाते.

आता ही नजर नेमकी काय पाहते, ते जवळून पाहू. नर्तकी चौथ्या स्थितीत उभी आहे, एक पाऊल पुढे, एक मागे. ती गुडघे वाकवते. एक हात समोर गोलाकार, दुसरा बाजूला. दोन्ही पावले जमिनीला विरुद्ध दिशांना रेटतात, टेकलेल्या पायाची टाच उचलली जाते, मागचे पाऊल सुटून गुडघ्याशी येते आणि हात मिटतात. या क्षणानंतर जमिनीकडून नवा जोर मिळायची वाट बंद होते. पुढे घर्षणाने वेग फक्त कमीच होणार. म्हणजे किती फेऱ्या होणार, हे फेरी सुरू होतानाच जवळजवळ ठरलेले असते. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक केनेथ लॉज यांनी 1984 मध्ये नृत्याच्या भौतिकशास्त्रावर पुस्तक लिहिले. त्यांनी दाखवले की नर्तकीला भोवऱ्याप्रमाणे फिरण्यातून स्थैर्य मिळत नाही. तिचा वेग त्यासाठी फारच अपुरा असतो. सुरुवातीला शरीर किंचित कलले असेल, तर तो कल फिरता फिरता वाढतच जातो. अनुभवी शिक्षिका हे सूत्र न मांडता ओळखते. जोर मिळवण्यासाठी मुलगी हात मागे नेऊन हिसका देते, खांदा वर येतो, उचललेल्या पायाकडचा खुबा चढतो, टाच खाली बसू लागते, आणि शेवटी तोल सावरायला ती एक छोटी उडी मारते. या मुलीने तीन फेऱ्या घेतल्या असतील. शेजारची एकच घेऊन पाचव्या स्थितीत पावले मिटवून श्वास न चुकवता उभी आहे. दोघींपैकी पुढे कोण आहे, याबद्दल चांगल्या शाळेत दुमत नसते.

यावर सगळ्यात मोठा आक्षेप इतिहासातूनच येतो. मिलानला शिकलेल्या पिएरिना लेन्यानीने 1893 मध्ये सेंट पीटर्सबर्गला ‘सिंड्रेला’त एका दमात 32 फुएते घेतले, मग 1895 च्या ‘स्वान लेक’मध्येही. त्या आकड्याने रशियन बॅले हादरला. आजही काळ्या हंसिणीच्या नृत्यात प्रेक्षक 32 ची वाट पाहतात. मग आकड्यानेच तंत्र पुढे ढकलले, असे का म्हणू नये? आक्षेपात तथ्य आहे. आकड्याने ईर्ष्या जागी केली, हे नाकारण्यात अर्थ नाही. तमारा कार्साव्हिना तेव्हा तिथल्या शाही नृत्यशाळेत विद्यार्थिनी होती. मुली जिथे जागा मिळेल तिथे फुएते घेऊन पाहत असत, हे तिने आठवणींत लिहिले आहे. पण ईर्ष्येने कोणाला 32 फुएते जमले नाहीत. ते जमले रशियन नर्तकी माथिल्डा क्शेसिन्स्काला, आणि ती त्यासाठी एन्रिको चेकेट्टीकडे शिकली. चेकेट्टी इटालियन परंपरेतला, ब्लासिसच्या शिष्याचा शिष्य. शिवाय फुएते म्हणजे काय, हेही पाहायला हवे. साध्या पिरुएटमध्ये जोर एकदाच घ्यायचा असतो. फुएतेत प्रत्येक फेरीला टाच टेकते, गुडघा वाकतो, पुन्हा नवा जोर घेतला जातो, आणि शरीर क्षणभर प्रेक्षकांसमोर थबकते तेव्हा फिरण्याचा ओघ बाहेर फेकलेल्या पायात राखून ठेवलेला असतो. म्हणजे 32 फुएते ही बत्तीस वेळा केलेली तयारी आहे. पहिलीत तोल अर्धा अंगुळ ढळला, तर विसावीपर्यंत नर्तकी रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला पोचलेली असते. लेन्यानीचा आकडा माझ्या मुद्द्याच्या विरुद्ध साक्ष देतो असे वाटते खरे, पण तिची खरी करामत एका जागी राहण्यात होती.

त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत हे शिक्षण पद्धतशीर लिहून ठेवले गेले. चेकेट्टीने आठवड्याच्या प्रत्येक वाराला ठरलेले व्यायाम नेमले होते. सिरिल बोमाँट आणि इड्झिकोव्स्की यांनी त्याच्या पद्धतीचे पुस्तक 1922 मध्ये लंडनला काढले. आग्रिपिना वागानोवा नर्तकी म्हणून उशिरा वर आली. लेनिनग्राडमध्ये शिकवताना तिने फ्रेंच मार्दव आणि इटालियन जोर यांची सांगड घातली, आणि 1934 च्या तिच्या पुस्तकात वळण्याचा जोर हातांनी कसा घ्यायचा याची बारीक चर्चा आहे. लंडनमध्ये 1920 च्या अखेरीस शिक्षकांची एक संघटना उभी राहिली, जी पुढे रॉयल ॲकॅडमी झाली. इंग्लंडात कोणीही उठून बॅले शिकवत असे आणि मुलींचे पाय कायमचे बिघडत. त्यावर उपाय म्हणून परीक्षा आल्या. या संघटनेच्या संस्थापकांत कार्साव्हिना होती, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. शाळेत लेन्यानीचा आकडा गाठू पाहणाऱ्या मुलींमध्ये ती वाढली होती, आणि प्रौढपणी तिने अशी व्यवस्था उभारायला हात लावला जिच्यात लहान मुलीला आधी एका पायावर निश्चल उभे राहायचे, मग पाव वळण, मग अर्धे, मग एक फेरी, अशा पायऱ्या चढायच्या असतात. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांची सवय असलेल्या मराठी घरांना पायऱ्यांची ही कल्पना परकी वाटू नये.

परीक्षेविरुद्धचा आक्षेप मात्र मला सहज बाजूला सारता येत नाही. दोषांची यादी हातात घेऊन बसलेला परीक्षक सगळ्यांना एका साच्यात घालतो, असे म्हणतात, आणि ते अनेकदा खरे असते. डॅनिश परंपरेत गिरकीत पाऊल घोट्याजवळ खाली ठेवतात, फेऱ्या थोड्या आणि झटपट असतात. रशियन पद्धतीत पाऊल गुडघ्यापर्यंत चढते. न्यूयॉर्कमध्ये नृत्यरचनाकार बालांशिनने मागचा गुडघा सरळ ठेवून तयारी घ्यायला लावली, म्हणजे आता गिरकी येणार हे प्रेक्षकाला आधी कळू नये. लेनिनग्राडच्या परीक्षकाला ती तयारी चुकीचीच वाटली असती. पण या उदाहरणांतून मोजमाप सोडून द्यावे असे निघत नाही. तिन्ही घराण्यांचे मतभेद तयारी आणि ठेवण यांवरच आहेत. फेऱ्या किती असाव्यात यावरून एकाही घराण्याची ओळख ठरत नाही. कथक पाहणाऱ्याला हे लगेच उमगेल. तिथे चक्कर कितीही घेतले तरी शेवटचा पाय समेवर पडला नाही, तर घेतलेले सारे वाया जातात. परीक्षकाने एवढे पाहावे की समोरची मुलगी कोणत्या घराण्यातून आली आहे आणि त्या घराण्याच्या शिस्तीत ती उभी आहे का.

एक आधुनिक शंका उरते. घेरी न येता फिरता येणे हीच खरी प्रगती असेल, तर जास्त फेऱ्या म्हणजे जास्त प्रगती नव्हे का? डोके शेवटी वळवायचे आणि सगळ्यात आधी समोर आणायचे, नजर एका बिंदूवर खिळवायची, हे प्रत्येक वर्गात शिकवतात, आणि घेरी टाळण्याचे श्रेय बहुतेक जण त्यालाच देतात. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी 2013 मध्ये 29 नर्तकींची तुलना 20 नौकानयनपटू स्त्रियांशी केली. अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर फिरवल्यावर, जिथे नजर खिळवायला काहीच नव्हते, तिथेही नर्तकींना फिरल्याचा भास कमी वेळ राहिला. त्यांच्या लहान मेंदूच्या एका भागातही फरक आढळला. म्हणजे वर्षानुवर्षांच्या सरावाने मेंदूच कानातल्या तोलाच्या इंद्रियाचे ऐकणे कमी करतो. हा बदल सावकाश होतो आणि परीक्षेच्या खोलीत तो दिसत नाही. दहा फेऱ्या घेणाऱ्या मुलीला घेरी येत नाही हे कळेल, पण त्या दहा फेऱ्यांत खुबा चढलेला असेल तर तो चढलेलाच राहील.

म्हणूनच 1973 पासून स्वित्झर्लंडमध्ये होणाऱ्या लोझानच्या स्पर्धेची रीत मला योग्य वाटते. तिथे परीक्षक फक्त शेवटचे एकल नृत्य पाहून मोकळे होत नाहीत. त्या आठवड्यात वर्गात बसून मुलांचे रोजचे काम पाहतात आणि त्याचाही विचार निकालात करतात. रंगमंचावर एखाद्या संध्याकाळी पाच फेऱ्या नशिबाने लागून जातात. सकाळच्या वर्गात आधाराचा बार सोडून मध्यभागी येताना, गुडघे वाकवून पहिली साधी गिरकी घेताना, नशीब इतके धावून येत नाही.