आजारपणाचा पैसा आणि प्राप्तिकर : पुण्याच्या पगारदार वर्गाचा एक इतिहास

आजारपणासाठी घराने स्वतः बाजूला ठेवलेला पैसा आणि त्याच आजारपणाच्या धास्तीने विमा कंपनीला भरलेला हप्ता यांचा हेतू एकच असला, तरी भारतीय प्राप्तिकर कायद्याने या दोहोंकडे कधीही सारख्या नजरेने पाहिलेले नाही. हप्त्याला १९८६च्या वित्त कायद्यापासून वजावट मिळत आली. वजावट म्हणजे करपात्र उत्पन्न ठरवताना एकूण उत्पन्नातून कमी करता येणारी रक्कम. घरच्या बचतीला मात्र अशी मान्यता मिळाली नाही. पुण्याच्या पगारदार वर्गाचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर हा भेद कसा रुजला, त्याचा लाभ कोणाला झाला आणि कोण त्याबाहेर राहिले, हे बऱ्याच स्पष्टपणे दिसते.

१८५७च्या उठावानंतर रिकाम्या झालेल्या खजिन्यासाठी सरकारचे अर्थसदस्य जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये भारतात प्राप्तिकर आणला आणि तो १८६५ पर्यंत चालला. पुढे १८८६च्या कायद्याने तो कायमचा झाला. या दुसऱ्या कायद्यात वार्षिक ५०० रुपयांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त होते, म्हणजे महिन्याला बेचाळीस रुपये मिळवणारा कारकून किंवा शाळामास्तरही कराच्या जाळ्यात येत होता. असा कारकून आणि असा मास्तर हाच पुण्याच्या पेठांमधल्या शिक्षित वस्तीचा कणा होता. फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन केलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२च्या अंदाजपत्रकावरील आपल्या गाजलेल्या भाषणात मिठावरील कर कमी करण्याबरोबरच प्राप्तिकराची मर्यादा १,००० रुपयांपर्यंत वाढवण्याची मागणी केली आणि १९०३ मध्ये सरकारने या दोन्ही बाबतींत पाऊल उचलले. पुण्याच्या सार्वजनिक जीवनाने प्राप्तिकराच्या इतिहासावर उमटवलेला हा सर्वांत ठळक ठसा आहे, आणि त्यामागची दृष्टी अल्प उत्पन्नाच्या घराला सरसकट सोडून देण्याची होती, त्या घराने पैसा कशावर खर्च केला हे विचारण्याची नव्हती.

खर्चाकडे पाहणारी एक तरतूद मात्र १८८६च्या कायद्यातही होती. आयुर्विम्याच्या हप्त्यापोटी दिलेली रक्कम, उत्पन्नाच्या एक षष्ठांश मर्यादेपर्यंत, करातून वगळली जात असे, आणि हेच तत्त्व १९२२च्या कायद्यातही टिकले. साताऱ्यात १९१३ मध्ये वेस्टर्न इंडिया ही विमा कंपनी निघाली, तेव्हा महाराष्ट्राच्या मध्यमवर्गीय घरात विम्याची पॉलिसी पोचू लागली होती. परंतु ती मृत्यूनंतरच्या तरतुदीची होती, दुखण्याची नव्हती. दुखणे ही कायद्याच्या लेखी खासगी बाब राहिली. १८६७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या ससून रुग्णालयात किंवा १९१२ पासूनच्या के.ई.एम. रुग्णालयात जाणाऱ्या रुग्णाचा खर्च त्याच्या कराच्या हिशेबात कुठेच येत नसे.

या रिकाम्या जागेत पुणेकरांनी आपल्या व्यवस्था उभ्या केल्या. कार्यालये, कारखाने आणि शाळा-महाविद्यालयांतल्या सेवकांच्या पगारदार सहकारी पतसंस्था दरमहा पगारातून वर्गणी कापून घेत आणि सभासदाच्या घरी शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण निघाले, की नियमित कर्जाच्या रांगेत न थांबवता आकस्मिक कर्ज मंजूर करत. भिशी ही त्याहून अनौपचारिक व्यवस्था होती : ठरलेले सभासद दरमहा सारखी रक्कम भरत, चिठ्ठी निघेल त्याला सगळी रक्कम मिळे, आणि कोणाच्या घरी मोठे दुखणे आले, तर इतर सभासद आपला नंबर मागे घेऊन त्याला आधी उचल देत. ही आरोग्यासाठीची बचतच होती. फक्त तिला तसे नाव नव्हते आणि तिची पावती कोणत्याही विवरणपत्राला जोडता येत नव्हती.

स्वातंत्र्यानंतर खडकी, पिंपरी, चिंचवड आणि आकुर्डीच्या कारखान्यांमुळे चित्र पालटले. कमी वेतनाच्या कामगारांसाठी १९४८चा कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायदा आला आणि बिबवेवाडी व चिंचवडच्या मोहननगर येथील रुग्णालये ‘ईएसआय’ या नावानेच ओळखली जाऊ लागली. त्या वेतनमर्यादेच्या वरच्या नोकरदाराला कंपनी औषधोपचाराची बिले परत करत असे, आणि ही परतफेड एका मर्यादेपर्यंत करमुक्त होती. ती मर्यादा अखेरच्या दोन दशकांत वर्षाला १५,००० रुपये होती. या सवलतीचा व्यवहार अगदी घरगुती होता. औषधाच्या दुकानातले प्रत्येक बिल डॉक्टरांच्या चिठ्ठीसह टाचणीने एकत्र लावले जाई, रुग्णाचे नाव आणि नाते मागे लिहिले जाई, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तो गठ्ठा लेखा विभागाच्या टेबलावर जाई. मर्यादेइतकी बिले जमली नाहीत, तर उरलेली रक्कम पगारात मिळे, पण तिच्यावर कर कापला जाई. इथे कायदा झालेल्या खर्चाची दखल घेत होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. २०१८च्या अंदाजपत्रकाने ही सवलत आणि प्रवासभत्त्याची सूट काढून त्याऐवजी ४०,००० रुपयांची सरसकट प्रमाणित वजावट आणली, आणि बिलांचा तो गठ्ठा अनावश्यक झाला.

खरा वळणबिंदू त्याआधीच येऊन गेला होता. यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना, १९७२ मध्ये, सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनच्या छत्राखाली चार सरकारी कंपन्या आल्या. या चार कंपन्यांनी १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ ही रुग्णालयीन खर्चाची पॉलिसी बाजारात आणली आणि त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने तिच्या हप्त्याला कलम ८०डी खाली वजावट दिली. सुरुवातीची मर्यादा ३,००० रुपये होती. कलमाची अट मात्र रकमेपेक्षा महत्त्वाची ठरली : हप्ता सरकारने मान्य केलेल्या योजनेखाली, मान्यताप्राप्त विमा कंपनीलाच आणि रोखीव्यतिरिक्त मार्गाने भरलेला असला पाहिजे. पतसंस्थेतली ठेव, बँकेतली मुदत ठेव आणि भिशी या एका वाक्याने बाहेर राहिल्या. सरकारी कंपन्यांना ग्राहक मिळवून देणे हा या तरतुदीचा उघड उद्देश होता, आणि तो सफल झाला.

पुढच्या तीन दशकांत मर्यादा वाढत गेली. २००७ मध्ये १५,००० आणि ज्येष्ठांसाठी २०,०००, २००८ मध्ये आई-वडिलांच्या हप्त्याला वेगळी वजावट, २०१५ मध्ये २५,००० आणि ३०,०००, आणि २०१८ मध्ये ज्येष्ठांसाठी ५०,०००. पुण्यात याच काळात विमाव्यवसायाचे शिक्षण देणारी नॅशनल इन्शुरन्स अकॅडमी बालेवाडीत स्थिरावली आणि खासगी कंपन्यांना परवानगी मिळाल्यावर २००१ मध्ये बजाज आलियान्झ ही सर्वसाधारण विमा कंपनी येरवड्यात मुख्यालय करून उभी राहिली. हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत नोकरीला लागलेल्या पिढीला विमा कंपनीने पाठवलेले ‘८०डी प्रमाणपत्र’ हा शब्दप्रयोग मेडिक्लेमइतकाच ओळखीचा झाला. स्वारगेटजवळच्या पी.एम.टी. इमारतीतल्या प्राप्तिकर कार्यालयात विवरणपत्र देताना पूर्वी हप्त्याच्या पावत्या सोबत जोडाव्या लागत. २००७ पासून जोडपत्रांविना विवरणपत्रे सुरू झाली, तेव्हा पावती करदात्याच्याच कपाटात राहू लागली, आणि अलीकडे वजावट मागणाऱ्याला विवरणपत्रातच विमा कंपनीचे नाव व पॉलिसी क्रमांक भरावा लागतो.

सवलत हप्त्याला द्यायची की बचतीला, या प्रश्नाला अमेरिकेने उलट दिशेने उत्तर दिले. डिसेंबर २००३च्या कायद्याने तेथे जानेवारी २००४ पासून आरोग्य बचत खाते सुरू झाले : ज्याच्या विम्यात सुरुवातीचा मोठा खर्च रुग्णानेच सोसायचा असतो, अशा विमाधारकाने या खात्यात ठरावीक रक्कम भरावी, भरलेल्या रकमेवर, तिच्या वाढीवर आणि वैद्यकीय कारणासाठी काढलेल्या पैशावर केंद्रीय कर लागू नये, आणि उरलेली शिल्लक पुढच्या वर्षी तशीच राहावी. मात्र तेथे राज्येही आपापला प्राप्तिकर आकारतात, आणि कॅलिफोर्निया व न्यू जर्सी या दोन राज्यांनी ही सवलत मान्य केलेली नाही; म्हणून तेथील करदात्याला केंद्रीय विवरणपत्रात वगळलेली रक्कम राज्याच्या विवरणपत्रात पुन्हा उत्पन्नात मिळवावी लागते आणि खात्यातल्या व्याजावरही राज्याचा कर द्यावा लागतो. पुण्याहून गेलेली मराठी कुटुंबे नेमकी या दोन राज्यांत मोठ्या संख्येने असल्यामुळे हा तपशील कोथरूड किंवा सदाशिव पेठेतल्या घरालाही दूरचा वाटत नाही. त्या खात्यातला पैसा स्वतःच्या, पती-पत्नीच्या आणि करकायद्याने आश्रित मानलेल्या व्यक्तीच्या उपचारांसाठीच करमुक्तपणे वापरता येतो. पुण्यात राहणारे भारतीय नागरिक असलेले आई-वडील त्या व्याख्येत बसत नाहीत. वडिलांच्या अँजिओप्लास्टीचा खर्च मुलाने त्या खात्यातून केला, तर त्या रकमेवर कर आणि वर दंडाची रक्कम भरणे येते.

महाराष्ट्रात राज्याच्या प्राप्तिकराचा प्रश्न उद्भवत नाही, कारण राज्यघटनेने शेतीखेरीज इतर उत्पन्नावरील कर केंद्राकडे ठेवला आहे. राज्याच्या हाती राहिला तो व्यवसाय कर, जो १९७५च्या कायद्याने रोजगार हमी योजनेच्या खर्चासाठी लावला गेला आणि ज्याची कमाल मर्यादा घटनेनुसार वर्षाला २,५०० रुपये आहे. पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, तो हा कर. हप्ता किंवा बचत यांपैकी कशाचीही वजावट त्यात नाही. परंतु पासष्टी ओलांडलेल्यांना, कायमचे शारीरिक अपंगत्व असलेल्यांना आणि मतिमंद मुलांच्या पालकांना तो पूर्ण माफ आहे. छोट्या कराने शरीराच्या अडचणीची दखल थेट घेतली आणि मोठ्या कराने ती मुख्यतः विमा कंपनीच्या पावतीतून घेतली, हा फरक अभ्यासकांनी पुरेसा मांडलेला नाही.

ज्यांच्याकडे पावती नाही, त्यांचे उदाहरण पुण्यातच आहे. भाजी विकणाऱ्या आणि घरकाम करणाऱ्या महिलांसाठी मेधा सामंत यांनी १९९३ मध्ये उभारलेल्या अन्नपूर्णा परिवारात सभासदांच्या वार्षिक वर्गणीतून आरोग्याचा परस्पर साहाय्य निधी चालतो आणि कोणाच्या आजाराला किती मदत द्यायची, याच्या निर्णयात सभासद महिलांचा सहभाग असतो. हा निधी विमा कंपनी नसल्यामुळे त्याच्या वर्गणीला कलम ८०डी लागू होत नाही. वर्गणी भरणाऱ्या बहुतेक महिलांचे उत्पन्न करपात्र मर्यादेखालीच असल्याने त्यांचे प्रत्यक्ष नुकसान होत नाही, हे खरे. पण सरकारने सोडून दिलेल्या कराच्या रूपाने आरोग्यावर जो सार्वजनिक पैसा खर्च होतो, त्याचा एकही रुपया या व्यवस्थेपर्यंत पोचत नाही, हेही तितकेच खरे आहे, आणि ते अन्याय्य आहे.

बचत आणि विमा यांना एकत्र बांधण्याचा एक प्रयत्न भारतीय आयुर्विमा महामंडळाने २००८ मध्ये ‘हेल्थ प्लस’ या पॉलिसीतून केला, ज्यात हप्त्याचा काही भाग गुंतवणूक निधीत जाऊन पुढे उपचारांसाठी काढता येत असे. पण तीही विमा पॉलिसीच होती. घरच्या पैशाला कायद्याने थेट ओळख दिली ती मुख्यतः ज्येष्ठांच्या बाबतीत. २०१५ मध्ये ऐंशी वर्षांवरील आणि २०१८ पासून साठ वर्षांवरील ज्या व्यक्तीची आरोग्य पॉलिसीच नाही, तिच्या औषधोपचारांवर बँकेमार्फत केलेला खर्च वजा करता येऊ लागला, आधी ३०,००० आणि २०१८ पासून ५०,००० रुपयांपर्यंत. मधुमेह किंवा हृदयविकारामुळे ज्यांना विमा कंपनी पॉलिसी नाकारते किंवा परवडणार नाही असा हप्ता सांगते, अशा निवृत्तिवेतनधारकांसाठी ही गेल्या चाळीस वर्षांतली सर्वांत न्याय्य दुरुस्ती होती. २०२० मध्ये आलेल्या आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आपोआप लागू होणाऱ्या नव्या करप्रणालीत दर कमी आहेत, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील वस्तू व सेवा करही शून्य झाला आहे. मात्र नव्या प्रणालीत कलम ८०डीची कोणतीच वजावट मिळत नाही, आणि पॉलिसी नसलेल्या ज्येष्ठाला स्वतःच्या खर्चाची दखल हवी असेल, तर विवरणपत्र भरताना जुनी प्रणाली मुद्दाम निवडावी लागते.